शेड

गिऱ्हाईक म्हणाली, ताई, पापण्यांवर कुठली शेड लावलीय?
जांभळी, पण मऊ.
जांभूळ खाल्ल्यावर तासाभरानं जिभेवर उरते तेवढीच.
मी म्हटलं, घरचीच आहे.
खोटं नव्हतं.

घणसोलीत तळमजल्यावर माझं पार्लर.
दोरा दातांत धरून सतरा वर्षं
अख्ख्या सेक्टरच्या भुवया कोरल्या.
एका दुपारी मिसेस नायरांची डावी झाली
आणि उजवीपर्यंत हात पोचेना.
दुखत नव्हता हो,
नुसता येत नव्हता,
हाक मारली तरी गल्लीतून न हलणाऱ्या पोरासारखा.

बोटांच्या सांध्यांवर लाल खवले आले.
जाऊ म्हणाली, भांड्यांचा साबण बदल.
केमिस्ट म्हणाला, वॅक्सची अ‍ॅलर्जी.
वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी पापण्या पाहिल्या, बोटं पाहिली,
म्हणाल्या, हात न टेकता खुर्चीतून उठा बघू.
मी हसले,
आणि हसत बसूनच राहिले.

डर्मॅटोमायोसायटिस.
फाईलवर नाव दोन ओळींत मावलं.
मांडीतला वाटाण्याएवढा तुकडा काचेखाली गेला.
लेकीनं मोबाईलवर वाचून सांगितलं,
आई, तुझंच रक्त तुला ओळखेनासं झालंय.
त्यात नवल काय, मी म्हटलं,
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाल्यापासून
आमच्या घराण्यात ते चालूच आहे.

आता ऊन वर्ज्य.
भर दुपारी छत्री घेऊन भाजीला जाते,
रिक्षावाले आभाळाकडे बघतात.
गोळ्यांनी गाल वर आलेत, बायका म्हणतात,
तब्येत सुधारली हां तुमची!
पाणी पिताना ठसका लागतो तेव्हा
त्या मासिक चाळतात.

दोरा नाझनीन धरते.
मी स्टुलावरून सांगते,
कमान तोडू नकोस, शेपटी बारीक ठेव.
पोरगी हुशार आहे. माझ्यापेक्षा हलका हात.
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

रात्री जयवंत डॉक्टरीणबाईंसारखं करून बघतो.
हात आडवा धर, म्हणतो, मी खाली दाबतो,
तू दाबू देऊ नकोस.
मी धरते. खांदा थरथरतो,
तरी हात तसाच राहतो, हवेत, दाराच्या अडसरासारखा.
बघ, म्हणतो, कालच्यापेक्षा बरा!

त्याचा तळवा माझ्या मनगटावर
जेमतेम टेकलेला असतो.
दाब की, मी म्हणते.
दाबतोय, तो म्हणतो.