चौथा घाणा

काटा थोरल्या भावजींचा.
कोइमतूरला गलाईच्या दुकानात
बारा वर्षं सोनं तोललं त्यानं,
मग विट्याला माळ्यावर पडून होता.
आता तासगावात, माझ्या ओट्यावर,
पातेलीत मेणाचे पांढरे कण मोजतोय:
जेमतेम चार ग्रॅम.

जनाक्का शेडवर जाते, सावळजच्या रस्त्याला,
फेब्रुवारीपासून पार एप्रिल संपेतो.
घड क्रेटात, क्रेट टाकीत,
टाकीत हात.
पोटॅश आणि डिपिंग ऑइल
पाण्यात ढवळून दुधासारखं केलेलं.
द्राक्षाच्या सालीवर जन्माचं मेण असतं,
ते सैल पडतं,
आतलं पाणी वाट काढून निघून जातं
आणि महिन्याचं वाळणं पंधरवड्यात उरकतं.
हे द्राक्षांसाठी आहे
असं हातांना कुणी सांगत नाही.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या विसळते.
लेबलं वाचत वाचत थोडं शिकले.
म्हटलं, काहीतरी करून देते तुला.
"व्हॅसलीन नगं," ती म्हणाली,
"खोबरेल तर नगंच.
निवडायला बसलं की देठं बोटाला चिकटत्यात,
मुकादम म्हणतो मालाला वास लागला.
लावलंय, आसं कळलं न्हाई पायजे."

पहिला घाणा म्हणजे पुरण. चमचा उभा राहिला.
दुसऱ्यात मेण अगदीच हात राखून घातलं;
सकाळी तेल वर, पाणी खाली,
मधे रेघ,
मोजणी आणून घातलेल्या बांधासारखी.
तिसरा देखणा झाला.
पण त्यात प्रिझर्वेटिव्ह नव्हतं,
घरचं ते निर्मळ, असा माझा ताठा.
सहाव्या दिवशी झाकणाच्या आत राखाडी लव.
मोरीत ओतला.
जनाक्काला खोटं सांगितलं, सांडला म्हणून.

चौथ्याला वही घेतली.
पाणी त्र्याऐंशी, उकळून निवलेलं.
ग्लिसरीन तीन, जास्त झालं की चिकटतं.
तेल नऊच,
आणि तेही द्राक्षाच्या बियांचं, सगळ्यात हलकं म्हणून.
कुरियरनं आलं, बाटलीवर इटलीचं नाव.
तालुकाभर शेडमधून द्राक्षं वाळतायत
आणि त्यांचं तेल समुद्रापलीकडून!
हसले, मग आठवलं:
आमची बिनबियांची.

दोन पातेल्या, दोन्ही सत्तर अंशांवर.
पाण्यात तेल सोडलं, ब्लेंडर लावला,
आवाज ऐकून शेजारचा अझर डोकावला,
ताक आहे का, वहिनी?
बघितलं तर खरंच ताक,
मग दूध, मग पातळ साय.
चाळिसाच्या खाली उतरल्यावर
तो शेवटचा एक ग्रॅम, ज्याच्यापुढे ताठा सोडला.

ढवळता ढवळता हात थांबला.
हे तर टाकीतलंच.
तेल, पाणी,
आणि दोघांना धरून ठेवणारं तिसरं काहीतरी.
तिथलं सालीचं मेण उतरवतं,
हे उतरलेलं परत बसवायला बघतं.
रंग तोच.
दोन्ही एकाच बाईच्या हातांवर.

गुरुवारी ती शेडवरून तशीच आली.
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून
तळव्यावर थेंबभर घेतलं,
भेगांच्या कडेकडेनं चोळलं, हुंगलं
(वास घातलाच नव्हता),
दाराच्या उजेडात हात उलटासुलटा केला.
चांगलं, वाईट, काही नाही.
मग तिला काटा दिसला.
"ह्याच्यावर सोनं तोलत्यात व्हय?"
आणि तळवा उताणा ठेवला त्यावर.
आकडे पळाले,
मग नुसत्या रेघा, त्याच्या कुवतीबाहेरचं काही असलं की येतात तशा.
तिनं हात पालथा केला, पुन्हा टेकवला,
उचलला.

वाकून पाहिलं मी.
चकाकत्या पत्र्यावर
बोटाचा एकही ठसा नव्हता.