चव रजिस्टर

पहिली ते पाचवी, पोरामागं शंभर ग्रॅम.
सहावी ते आठवी, दीडशे.
नववीचा रकानाच नाही.
तराजू माझ्या हातात, माप सरांच्या वहीत.

नववीचा वर्ग माझ्या चुलीच्या भिंतीला लागून.
फोडणी दिली की तिकडचा भूगोल थांबतो.
खिडकीला जाळी आहे, वासाला नाही.

मागच्या उन्हाळ्यापर्यंत दैवशाला माझ्या रांगेत होती.
ताट पुढं करून म्हणायची, "मावशे, खालून वाढ,
डाळ खाली बसती."
जूनमध्ये पोरगी पास झाली
अन् रांगेतून गेली.
आता सुट्टीत टाकीपाशी उभी राहते,
बाटली भरते, पिते, परत भरते.
मी इकडं वाढते, माझं लक्ष नळाकडं.

एकदा ताट घेऊन गेले तिच्यापाशी.
"मी नाही बसत त्यात," म्हणाली,
जसं एसटीत दुसऱ्याच्या जागेबद्दल सांगावं.

दिवाळी झाली. मायबाप कोयत्यावर गेले.
धाकटा दुसरीत, तो हिच्या जिवावर.
त्याच आठवड्यात केंद्रप्रमुख आले,
पानं उलटून म्हणाले,
वाढायच्या आधी चव कोण घेतं?
सरांची सही आहे, बाईचा अंगठा आहे,
पालकाची जागा कामून कोरी?

सर गप. गावात पालक उरलेत किती.
मी पदराला हात पुसले
अन् जाळीतून हाक मारली.

तवापासून रोज सव्वाबाराला
दैवशाला पायरीवर येऊन बसते.
चव म्हणजे एक चमचा, नियम तसाच आहे.
पण मीठ काही एका चमच्यात कळत नसतं.
तिखटाला निदान तीन लागतात.
शिजलंय का बघायचं तर तळापर्यंत जावं लागतं,
अन् माझ्या पातेल्याचा तळ भारी खोल.

मग ती लिहिते, मला वाचून दाखवते:
मटकी शिजली. मीठ बेताचं.
खाली नाव. नावापुढं, पालक.

काल वाचलं, "तिखट जरा जास्त."
मी भांडले. चांगलीच भांडले.
तिनं खोडलं नाही.
आज चटणी अर्धा चमचा कमी टाकली,
पालकाचा शेरा आहे, काय करता.

रांगेतून धाकटा ओरडतो,
"ताये, झालं का बघून?"
ती तोंडातला घास गालात सारून म्हणते,
"थांब की. मीठ बघायलेय अजून."