चार सेकंद

मंगळवारी रात्री साडेआठला
टीव्हीवर आरेच्या कडेनं जो बिबट्या चालला
त्याची पावलं माझी.
गोरेगाव पूर्वेला, टायरच्या दुकानावर,
भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत
मी ती वाजवतो:
बापाचे गॅरेजातले चामडी हातमोजे, आत ओली वाळू,
आणि गवतासाठी
जुन्या कॅसेटची उसवलेली फीत.
तिच्यावर कुणीतरी गायलं असेल कधी.
आता नुसती सळसळते.

मालिका सरकारी पैशाची, लोकांना शहाणं करायची.
उघड्यावर कचरा टाकू नका, कुत्री जमतात,
कुत्र्यांमागून तो.
अंधार पडल्यावर पोरांना एकटं सोडू नका.
निवेदन उमाळेबाईंचं.
पोलिओचा डोस, थकलेलं वीजबिल, बिबट्या,
बाई सगळं एकाच मायेनं सांगतात.

सहाव्या भागात पाड्यावरची पारबती बरफ.
ओटा, मागं कोंबड्यांचं खुराडं,
त्याच्याही मागं तेविसाव्या मजल्याला टेकलेली क्रेन.
(क्रेन नंतर कापली.)
बिबट्या आला हे कसं कळतं, विचारलं तर
आधी तिनं प्रश्नच दुरुस्त केला: वाघोबा.
मग म्हणाली,
वाजत नाय काय.
वाजत असतं ते थांबतं.
किडं गप, बेडकं गप, कुत्रा खाटंखाली.
मंग आपण पन गप ऱ्हायचा.
त्याची वाट हाय, जाऊ द्यायचा.

मी हातमोजे काढून ठेवले.
पाच भाग मी त्याला
वरातीच्या घोड्यासारखा चालवला होता.

पिंग्यांना म्हटलं, इथं काही नको. कोरं ठेवू.
ते म्हणाले, दोन सेकंदांवर शांतता गेली
की माणूस चॅनल बदलतो, हे सिद्ध झालंय.
मेथीच्या जुडीसारखी घासाघीस केली.
चार मिळाले.

मंगळवारी पहिल्या सेकंदाला काही नाही.
दुसऱ्याला पलीकडच्या खोलीतून तावडे ओरडले,
तुमचाही आवाज गेला का हो?
तिसऱ्याला आई उठली, बॉक्सवर चापट मारायला.
मी तिचा हात धरला.
तेवढ्यात उमाळेबाई परतल्या
कचऱ्याच्या डब्याचं झाकण घेऊन.

झालं, संपलं. फोन एकच आला, केबलवाल्याचा,
तक्रारी आल्यात म्हणून.

पण आमची इमारत दिंडोशीतली, जंगलाच्या भिंतीला लागून,
आणि आई हल्ली झोपायच्या आधी
पंखा बंद करून अंधारात उभी राहते थोडा वेळ.
काय गं, म्हटलं तर म्हणते,
काही नाही,
किडे चालू आहेत ना, बघते.