आधी दिवा

वागळे इस्टेटच्या आमच्या गाळ्यात ती माझं ऐकायची.
थांब म्हटलं की थांबायची,
बावन्नाव्या चौकटीवर जा म्हटलं की जायची :
अंगठा ओठांशी, बाकी बोटं मिटलेली,
पाणी.
दोन वेण्या, निळा फ्रॉक, एकूण दोनशे बारा चौकटी.
पानात बसवलेल्या खिडकीत ती राहायची
आणि मी बाहेरून तीन ओळींच्या स्क्रिप्टनं
तिला बोट धरून फिरवायचो.

कोपरीच्या शाळेत तिनं ओळखच दाखवली नाही.
सहा कॉम्प्युटरांतले तीन चालू,
इंटरनेट गजाला टांगलेल्या डोंगलमधून थेंबथेंब,
आणि पडद्याच्या तळाशी लाल अक्षरं,
ज्यांचा अर्थ एवढाच, की
तुम्ही जिला हाक मारताय अशी इथे कुणी नाही.

मी पुन्हा हाक मारली. मग मोठ्यानं,
म्हणजे तीच ओळ दोनदा लिहिली.
माझ्या धंद्यात ओरडणं असंच असतं.
निनाद बटण दाबायचा आणि माझ्याकडे बघायचा.
निनाद. नाव बारशातलं,
तपासणी नंतरची.

तुंगेकर बाईंनी वह्यांचा गठ्ठा बाजूला सारला,
भिंतीपाशी गेल्या, ट्यूबलाइट दोनदा विझवली, लावली.
जुनी ट्यूब, तिलाही वेळ लागतो.
दहा माना वर आल्या.
अकरावी बाकाखाली पेन्सिल शोधत होती.
बाई थांबल्या. हात पोटाशी धरून, घाई नाही,
ती वर येऊन बघेपर्यंत.
मग बोटं बोलली : डबे काढा.

"नवे शिक्षक येतात," मला म्हणाल्या,
"पाठमोऱ्या पोराला शिकवत सुटतात."

उसळीचा वास वर्गभर.
मी आणखी चार ओळी लिहिल्या, सगळ्यात वर.
दर शंभर मिलिसेकंदांनी विचार : आलीस का?
नाही.
आलीस का?
चाळीस टक्के. म्हणजे वेण्या आल्या असतील.
आलीस का?
तोवर बटणं राखाडी, तोवर तिला कुणी काही सांगायचं नाही.

गाळ्यात ती माझं ऐकायची
ते मी नीट सांगायचो म्हणून नव्हतंच.
ती आधीच येऊन बसलेली असायची.

बटणं हिरवी झाली.
निनादनं तेलाची बोटं चड्डीला पुसली.
चालू. थांब. बावन्न.
मग त्याला 'मागे' सापडलं :
ओठांवरून अंगठा सुटला, मूठ उलगडली,
हात मांडीवर जाऊन पडला,
पाणी कुणी म्हटलंच नव्हतं जणू.
बोललेला शब्द मागे घेता येत नाही, असं मी लहानपणापासून ऐकलेलं.
त्यानं तो नऊ वेळा घेतला.

मग तो मला काहीतरी विचारत होता, हातांनी,
बराच वेळ विचारत असावा.
मी लाल अक्षरं गेली का ते तपासत होतो.

वर्ग अचानक काळोखला.
उजळला. पुन्हा काळोखला.
मी वर पाहिलं :
बटणापाशी चवड्यांवर उभा निनाद,
माझी मान वळायची वाट बघत.