खुरांचा पट्टा

मुहर्रकच्या मागल्या गल्लीत, मरझूकच्या घरी
काचेचं कपाट बसवायला गेलो.
आत ठेवायचा होता कमरेचा पट्टा :
बकऱ्यांचे शंभरेक खूर, कापडावर शिवलेले.

"पणजा झांझिबारहून आला.
आला म्हणजे, आणला."
एवढं बोलून तो चहा ओतत राहिला.
कागदात नाव आहे ते मालकाचं.
पणज्याचं काय ते ह्या खुरांत.

मी मापं घेतली. कुलूप दाखवलं.
त्यानं मान हलवली : नको.
नातवाला हाक मारली, जौहर,
आणि पट्टा त्याच्या कमरेला आवळला.

पोरगा एकदाच हलला.
फरशीवर कळप उतरला,
आमच्या गुहागरच्या पाणंदीत तिन्हीसांजेला उतरतो तसा,
फक्त ह्याला परतायचं घर हेच.

बिलात कुलूप धरलं नाही.