शेवटचं नाव आधी

मुकुंदगुरुजींच्या वहीत वंश वरून खाली उतरतो:
पुंजाजी. पुंजाजीचा दगडू. दगडूचा कारभारी.
कारभारीचा निवृत्ती, मुक्काम वैजापूर.
शाई फिकी होत होत अचानक बॉलपेन.

पण रामकुंडावर उच्चार उलटा.
आधी बाप, मग आजा, मग पणजा.
गुरुजींचं बोट ओळी चढतं
आणि चष्मा घसरत खाली येतो.
"तेवढं तुमच्या यंत्रात उलटं करून द्या," म्हणाले,
"सोपंच असेल."

अंबडला तिसऱ्या मजल्यावर
मीही सोपंच समजून बसले.
लूप लिहायचा नाही, इंडेक्सला हात लावायचा नाही,
हा आमच्या सुमेधचा नेम:
काय हवं ते सांग, कसं ते सांगू नकोस.
नावं स्ट्रीममध्ये सोडली.
रिकाम्या ओळी गाळणीत अडकल्या,
दोनदा लिहिलेला दगडू एक झाला,
मग म्हटलं, आता माघारी फिर.

अशी आज्ञाच नाही.
तिला पुढचं नाव कळतं, मागचं आठवत नाही.
एकदा वाचली की आटली.
पुन्हा हात घाल, लाल अक्षरांत ओरडते.

दुपारी मिसळीच्या दुकानात
गल्ल्याशेजारी उभी तार, तिच्यात खोचलेली बिलं.
माझं सगळ्यात वर.
मालकाने हिशेबाला तार उपसली
तर आधी मी, मग शेजारचं टेबल,
सकाळचं पहिलं गिऱ्हाईक तळाशी, तेलकट.

परत येऊन एवढंच लिहिलं:
येईल त्याला सगळ्यांच्या पुढे बसव.
चाललं.
फक्त शेवटचं नाव येईपर्यंत
पडदा कोरा राहतो, एक अक्षर सुटत नाही.
संपल्याशिवाय उलटता येत नाही काही,
हे मला कोणी वर्गात सांगितलं नव्हतं.

शनिवारी घाटावर निवृत्तीचा मुलगा,
काखेत हेल्मेट, ओलं धोतर नीट न नेसलेलं.
मोबाइलवर यादी उघडली.
पहिलंच नाव वाचून तो थांबला.
पुढची तीन गुरुजींनी पाठ म्हटली.

मग वही पुढे ओढून
त्यांनी खाली त्याचं नाव लिहिलं: प्रल्हाद.
खाली दोन बोटं जागा सोडली.
"हेही घ्या तुमच्यात."

घेतलं. मग चटकन ध्यानात आलं,
माझ्याकडे ते सगळ्यात वर जाणार.

रात्री गाळणीत एक अट वाढवली:
हयात असेल तर थांब, बाहेर.
सुमेध विचारतोय, ही ओळ कशासाठी,
यादीत तर अशी एकच नोंद आहे.