अक्षराला दोन रुपये

मधल्या मारुतीजवळ, भांड्यांच्या दुकानाच्या वळचणीला
माझं टेबल. एक मशीन, एक बल्ब, एक स्टूल.
ताटावर, डब्यावर, कळशीच्या गळ्याला
मी नावं घालतो.
लग्नसराईत रात्री भाकरी मोडतानाही
हातातली घरघर जात नाही.

आण्णांकडे मशीन नव्हतं. छिन्नी, हातोडी,
ठिपक्याला ठिपका.
ते सांगायचे, तेव्हा सुगलाबाई इतक्या होत्या
की डोळे मिटून घालावं.
एका गल्लीत चार. हळदीकुंकवाला भांडी बदलायची,
भांडणं थेट दुकानात यायची.
मग नावाआधी घालू लागले:
मिलवाली सुगलाबाई, म्हशीवाली सुगलाबाई,
बाळीवेशीची सुगलाबाई.
चौथी म्हणाली, माझ्याआधी काही नको.
बाकीच्या तिघींना कळतं की.

हे नाव आलं कुठून,
आण्णा गिऱ्हाइकालाच विचारायचे.
अक्कलकोटकडची बाई म्हणाली,
सुग्गी म्हणजे तुमची सुगी की ओ,
ज्वारी खळ्यावर असताना झालेली पोर.
एक मास्तर म्हणाले, छे छे,
जुन्या राणीचं नाव, दगडावर कोरलंय.
कुठल्या दगडावर, ते त्यांना सांगता येईना.
आण्णांनी दोघांकडून सारखेच पैसे घेतले.

सुगलाबाईनं लेकीचं नाव ठेवलं शकुंतला.
शकुंतलेनं प्रियांका.
प्रियांकाची परवा आली, कडेवर ईरा.
पाच, चार, तीन, दोन.
आमचा धंदा अक्षरावर.
पुढची एका अक्षराची निघाली
तर मी खावं काय?

मोडीत येतात हल्ली सुगलाबाई.
तांब्या, परात, बंब.
एक सून म्हणाली, पॉलिश करा, नाव घालवा,
शोकेसला ठेवायचंय.
घालवलं.
संध्याकाळी ती न्यायला आली तेव्हा
ऊन तिरकं पडलं होतं दुकानात.
ठिपके दिसत होते. ती काही बोलली नाही,
मीही नाही.

माझ्या डोक्यावरच्या फळीला एक घागर आहे.
त्यावर "सुग" एवढंच.
गिरणीला टाळं लागलं त्या आठवड्यात
बाप आला होता तिचा, लग्न पंधरा दिवसांवर.
म्हणाला, थांबा मालक, पुढचं पैसे आणून देतो.
आण्णांनी छिन्नी तिथंच उचलली.
बाप आला नाही.
लग्न झालं का, ती कुठं नांदली का,
आण्णा मरेपर्यंत विचारत राहिले
होटगीकडून येणाऱ्या प्रत्येकाला.

काल एक मुलगी आली. पुण्याला नोकरी,
बाळंतपणाला माहेरी. झोपलेलं बाळ आईच्या मांडीवर.
वाटी-चमचा घ्यायला आली आणि वर बघत बसली.
ती घागर द्या म्हणाली.
म्हटलं, अर्धी आहे.
पुढं काय येईल त्याच्या?
म्हटलं, सुगंधा येईल, सुगरण येईल.
आई म्हणाली, सुगरण नको गं बाई,
आयुष्यभर चुलीपाशी बसवतील.
हसलो आम्ही.
बाळाचं नाव?
कागदावर मायरा. घरात अजून नुसतंच "ए".

तेवढ्यात लाइट गेली.
मशीन गप्प. बाळ मात्र जागं झालं, रडायला लागलं.
आई थोपटत पुटपुटली
कानडीत काहीतरी, सुग्गी, सुग्गी,
म्हणजे त्यांच्या घरी कुणीतरी होतं तर.

मी गल्ल्याखालून आण्णांची छिन्नी काढली.
पंचवीस वर्षं हात लावला नव्हता.
ग ला दुसरी वेलांटी दिली.
सुगी.
किती झाले?
म्हटलं, घागरीचं वजन करू.
काना, मात्रा, वेलांटी यांचे पैसे
आमच्यात घेत नाहीत.

वेलांटी जरा वाकडी गेलीये.
शेपूट खाली घागरीच्या पोटापर्यंत उतरलंय.
आण्णा असते तर
टपली मारली असती.